गाडी बाईची, पाना कुणाचा?



या अंकाचं संपादकीय इंजिन ऑईलवर आहे. हिंसा, पोटगी, मजुरी, जमीन हे आपले नेहमीचे विषय सोडून संपादक मंडळाला हे काय सुचलं, असं काहीजणींच्या मनात येईल. आमच्या बैठकीतही हा प्रश्न आला होता. पण मानवतच्या आमच्या गटात गेले काही महिने या विषयावर जेवढी चर्चा झाली, जेवढं हसणं आणि भांडण झालं, तेवढं अलीकडे कुठल्याच विषयावर झालं नव्हतं. आणि बोलता बोलता आम्ही पुन्हा आपल्या नेहमीच्या विषयांपाशीच येऊन पोचत होतो.

बाहेरगावच्या माणसाला मानवत म्हटलं की १९७२ ते १९७४ या काळातले खून आठवतात. गुप्तधनाच्या लोभापायी मारल्या गेल्या त्या बहुतेक मुली आणि बायकाच होत्या. पुस्तकं आली, बातम्या आल्या, आणि गावाचं नाव त्या खुनांशी जोडलं गेलं ते गेलंच. आज त्याच मानवतच्या रस्त्यावरून सकाळी आठ वाजता कितीतरी बायका स्वतःच्या गाडीवर एकट्या जातात, याची बातमी मात्र कुणी छापत नाही. कुणी कोल्ह्याला जाते, कुणी केकरजवळ्याला, कुणी रामपुरीला. त्यात अंगणवाडी सेविका आहेत, आशाताई आहेत, शिक्षिका आहेत, बचत गटांच्या सीआरपी आहेत, दूध घालणाऱ्या आहेत. पाथरीहून परभणीकडे जाणारा हमरस्ता गावाला लागून आहे, पण आतल्या खेड्यांना एसटीच्या फेऱ्या बेताच्याच. मानवत रोड नावाचं रेल्वे स्टेशन आहे, पण ते गावापासून लांब. उतरलं की पुढे वाहन लागतंच. अशा ठिकाणी दुचाकी ही चैनीची वस्तू नसते. बाईची नोकरी टिकणार की जाणार हे तिच्यावर ठरतं.

म्हणून आम्ही गटात तीन साधे प्रश्न विचारले. गाडी कुणाच्या नावावर आहे? किल्ली कुठे असते? आणि गाडीचं ऑईल शेवटचं कधी बदललं?

पहिल्या प्रश्नाला बऱ्याच जणींनी अभिमानानं हात वर केले. कर्ज स्वतः काढलेलं, हप्ते स्वतःच्या मानधनातून गेलेले. दुसऱ्या प्रश्नाला उत्तरं चाचरत आली. तिसऱ्या प्रश्नाला जवळपास सगळ्यांचं उत्तर एकच होतं : "ते आमच्या मालकांना माहीत."

या "मालक" शब्दाकडे जरा बघा. मराठवाड्यात नवऱ्याला मालक म्हणतात, त्यात नवीन काही नाही. पण गाडीची मालकीण जेव्हा "ते मालकांना माहीत" म्हणते, तेव्हा कागदावरची मालकी आणि हातातली मालकी यांतलं अंतर त्या एका वाक्यात दिसतं. शेतकरी संघटनेनं १९८९-९० च्या सुमाराला लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली आणि शेकडो गावांतल्या शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन केली, तेव्हाही हा प्रश्न आपल्यापुढे आलाच होता. सातबाऱ्यावर नाव लागणं मोठी गोष्ट होती, आजही आहे. पण काय पेरायचं, कापूस कधी विकायचा, पट्टी कुणाच्या खिशात जायची, हे कुणी ठरवायचं? नाव लागलं म्हणजे अर्धंच काम झालं. उरलेलं अर्धं काम माहितीचं असतं. आपल्या वस्तूचं आपल्याला काही कळत नसेल तर ती वस्तू ज्याला कळते त्याच्या ताब्यात राहते.

चर्चा पुढे गेली तसा एक मुद्दा निघाला, तो आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आधी नव्हता. एक मैत्रीण म्हणाली, "आमचे हे दर आठ दिवसाला गाडीचं मीटर बघतात. ऑईल बदलायचं आलंय का म्हणून बघायलो म्हणतात. मग विचारतात, पंचायत समिती तर बाराच किलोमीटर, वीस कशे झाले?" ती बोलली आणि खोलीत क्षणभर शांतता झाली. मग दुसरी बोलली, तिसरी बोलली. पेट्रोल किती गेलं, मीटर किती पळालं, मावशीकडे वाट वाकडी केली का, बैठकीनंतर कुठे थांबली होती का. गाडी दिली, पण दोरी मीटरला बांधून दिली.

मीटरवरचा आकडा हा खरं तर इंजिनाच्या तब्येतीचा आकडा. त्यावरून ऑईल कधी बदलायचं ते कळतं. तोच आकडा बाईवर पाळत ठेवायला वापरला जातो, आणि पाळतीला काळजीचं नाव मिळतं. "तुझ्या गाडीचं मी बघतो" या प्रेमळ वाक्यात दोन्ही अर्थ असू शकतात. सगळ्याच नवऱ्यांच्या मनात पाप असतं असं मी म्हणत नाही. पण ज्या घरात ते असतं, त्या घरातल्या बाईनं एकच गोष्ट केली तरी फरक पडतो : मीटरचा आकडा तिच्या वहीत असला पाहिजे, आणि त्याचा अर्थ तिला माहीत असला पाहिजे. "ऑईल मागच्या महिन्यात मीच बदललंय, अजून दोन हजार किलोमीटर बघायचं काम नाही" हे वाक्य बोलता आलं, की मीटर बघायचं निमित्त तरी संपतं.

आता कुणी म्हणेल, बाईला यंत्रातलं कळत नाही. हे वाक्य मला नेहमी चक्रावून टाकतं. ज्या घरात हे बोललं जातं त्याच घरात आपल्या आईनं वीस-पंचवीस वर्षं पितळी स्टोव्ह चालवला. पंपाचं वायसर कडक झालं की ते काढून तेलात भिजवून पुन्हा कोण बसवत होतं? भोकात काजळी अडकली की पिन कोण मारत होतं? हवा किती भरली की भडका होतो हे कुणाला कळत होतं? ते कुणाला यंत्र वाटलं नाही, कारण ते चुलीच्या जागी ठेवलेलं होतं. शिलाई मशीनचंही तेच. बॉबीन-केस उघडून कचरा काढणं, शटलला तेलाचे थेंब सोडणं, पट्टा घट्ट करणं ही कामं बायका रोज करतात. तेलाशिवाय लोखंडावर लोखंड घासतं आणि मशीन जड चालतं, हे शिवणकाम करणाऱ्या बाईला शिकवावं लागत नाही. इंजिन ऑईल म्हणजे याहून काही वेगळं प्रकरण नाही. यंत्र कुठे ठेवलंय यावरून ते बाईचं की पुरुषाचं ठरतं. ओट्यावर असेल तर बाईचं, ओसरीपुढे असेल तर पुरुषाचं.

१८८८ सालची गोष्ट आहे. जर्मनीत कार्ल बेंझनं मोटारगाडी बनवली होती, पण ती लांबवर चालते यावर कुणाचा विश्वास बसत नव्हता. ऑगस्ट महिन्यात त्याची बायको बेर्टा बेंझ, जिच्या पैशावर तो कारखाना उभा राहिला होता, नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला, म्हणजे शंभर किलोमीटरच्या वर, ती गाडी घेऊन गेली. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिनं टोपीच्या पिनेनं मोकळी केली. प्रज्वलनाची तार उघडी पडली, तिला मोज्याचा पट्टा गुंडाळला. लाकडी ब्रेक झिजला तेव्हा चांभाराकडून त्यावर चामडं मारून घेतलं. जगातला मोटारीचा पहिला लांबचा प्रवास बाईनं केला आणि वाटेतली दुरुस्तीही बाईनंच केली. स्टोव्हची पिन आणि टोपीची पिन यात मला तरी काही अंतर दिसत नाही.

तर आम्ही ठरवलं की एक दुपार काढायची आणि ऑईल बदलायला शिकायचं. गावातले एक जुने मेस्त्री तयार झाले. त्यांची अट एकच होती : "मी हात लावणार नाही. तुम्ही करा, मी बघतो." त्यांच्यासारखे शिकवणारे सगळ्यांना मिळोत. त्या दुपारी जे शिकलो ते इथे देते आहे, म्हणजे इतर गटांनाही ते वापरता येईल.

आधी ऑईल करतं काय, ते समजून घ्यावं. इंजिनाच्या आत पिस्टन आणि दांडे मिनिटाला हजारो वेळा फिरतात, घासतात. त्यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर राहतो म्हणून ते झिजत नाहीत. तेच तेल उष्णता वाहून नेतं आणि आतली काजळी, धातूचा कीस आपल्यात धरून ठेवतं. म्हणून चांगलं ऑईल काळं पडतंच. काळं पडलं म्हणजे ते काम करतंय. नुसत्या रंगावरून घाबरू नये. घाबरायचं ते पातळी खाली गेल्यावर. आपल्या छोट्या गाड्यांत जेमतेम पाऊण ते एक लिटर ऑईल असतं आणि बहुतेकींत ते कमी झाल्याचा दिवा नसतो. आवाज यायला लागतो तेव्हा आतलं नुकसान झालेलं असतं, आणि इंजिन बसलं की हजारो रुपयांचं काम निघतं. तळणीचं तेल किती वेळा वापरायचं हे जसं आपल्याला कळतं, तसंच हे. तापून तापून तेलातला कस जातो. आपल्याकडचा उन्हाळा, काळ्या मातीची धूळ आणि दोन-चार किलोमीटरच्या तुटक फेऱ्या यांनी तो लवकर जातो.

कधी बदलायचं, किती आणि कोणतं घालायचं, हे गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. ती पुस्तिका बहुतेक घरांत कपाटात, प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेरही न काढलेली असते. ती बाहेर काढणं हे पहिलं काम. गाडीप्रमाणे तीन ते सहा हजार किलोमीटर असा आकडा सापडेल. किलोमीटर कमी झाले तरी वर्षातून एकदा बदलावंच. बाटलीवरची अक्षरंही वाचायला शिकावं. १०डब्ल्यू-३० यासारखा आकडा तेलाचा पातळ-घट्टपणा सांगतो : पहिला थंड असतानाचा, दुसरा तापल्यानंतरचा. त्याशिवाय जासो एमए किंवा एमबी असं लिहिलेलं असतं. गिअरच्या मोटारसायकलीत क्लच त्याच तेलात बुडालेला असतो, तिला एमए लागतं. बिनगिअरच्या स्कूटरचा क्लच कोरडा, तिला एमबी चालतं. स्कूटरचं तेल मोटारसायकलीत घातलं तर क्लच घसरायला लागू शकतो. दुकानदार देईल ते घेण्याऐवजी एवढं विचारून घ्यावं.

आता कृती. गाडी पाच मिनिटं चालवून आणावी म्हणजे तेल कोमट होऊन सहज उतरतं; फार तापवू नये, हात भाजतो. सपाट जागी डबल स्टँडवर लावावी, इंजिन बंद करून किल्ली काढावी. वरचं ऑईल भरायचं झाकण सैल करावं. इंजिनाच्या बुडाला ऑईल सोडायचा बोल्ट असतो. तो पुस्तिकेतल्या चित्रावरून नीट ओळखावा, कारण बिनगिअरच्या स्कूटरला मागच्या चाकाजवळ गिअर ऑईलचा वेगळा बोल्ट असतो आणि घाईत भलताच उघडला जातो. खाली जुनं घमेलं ठेवावं. बोल्टला बरोबर बसणारा रिंग पाना घ्यावा. ढिल्या पान्यानं बोल्टचे कोन मारले जातात. बोल्ट सैल झाला की शेवटचे आटे हातानं काढावेत आणि हात पटकन बाजूला घ्यावा. काही गाड्यांत या बोल्टच्या आत स्प्रिंग आणि जाळी असते, ती पडू न देता पुसून पुन्हा तशीच बसवायची. काही मोटारसायकलींना ऑईल फिल्टर असतो, तो पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे बदलायचा.

तेल पूर्ण निथळायला दहा मिनिटं द्यावीत. बोल्टचं वायसर दबलेलं असेल तर नवं घालावं, पाच-दहा रुपयांची वस्तू असते. बोल्ट आधी बोटांनी लावावा, आटे सरळ बसले की मग पाना. इथे मेस्त्रींनी सगळ्यात जास्त बजावलं. इंजिन ॲल्युमिनियमचं असतं, बोल्ट लोखंडी. जोर दाखवायला गेलं की आटे जातात आणि मग खर्च वाढतो. "पुरुष इथंच चुकतात, ताकद लावतात," असं तेच म्हणाले. मग पुस्तिकेतल्या मापाएवढंच ऑईल नरसाळ्यानं भरायचं. जास्त भरलेलं ऑईलही इंजिनाला बाधतं. झाकण लावून गाडी दोन-तीन मिनिटं चालू ठेवायची, बंद करून थोडं थांबायचं, मग पट्टी पुसून पातळी बघायची. काही गाड्यांत पट्टी आटे न फिरवता नुसती टेकवून बघतात, तेही पुस्तिकेतच असतं. खाली कुठे गळत नाही ना ते बघायचं. आणि सगळ्यात शेवटी, वहीत तारीख आणि मीटरचा आकडा लिहायचा. गाडी वॉरंटीत असेल, तर कंपनीच्या सर्व्हिसिंगच्या अटी आधी वाचाव्यात आणि बदल तिथूनच करून घ्यावा, पण समोर उभं राहून.

घमेल्यात उरलं ते काळं तेल. त्याचं काय करायचं? आपल्याकडे जळकं ऑईल वाया जात नाही. बैलगाडीच्या चाकाला जातं, वाळवी लागू नये म्हणून दाराच्या चौकटीला जातं, बांधकामावर सेंट्रिंगच्या प्लेटांना फासलं जातं. आणि ते फासायचं काम बऱ्याचदा बांधकामावरच्या मजूर बायकाच उघड्या हातांनी करतात. वापरलेल्या ऑईलमध्ये जड धातू आणि जळणातून तयार झालेली विषारी द्रव्यं असतात. कातडीला ते वारंवार लागलं तर कातडीचा कर्करोग होऊ शकतो, हे उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलेलं आहे. नालीत ओतलं तर पाण्यात जातं. एका वेळी बदललेल्या तेलानं दहा लाख गॅलन गोडं पाणी बिघडू शकतं, असं अमेरिकेची पर्यावरण संस्था सांगते. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी बाई वणवण फिरते तिथे बाईनंच नालीत ऑईल ओतू नये, एवढं तर आपल्याला समजतं. म्हणून हातमोजे किंवा निदान प्लॅस्टिकच्या पिशव्या हातात घालाव्यात, काम झाल्यावर साबणानं हात धुवावेत, आणि काळं तेल बंद डब्यात साठवून जुनं ऑईल उचलणाऱ्याकडे पोचेल असं बघावं. हे तेल शुद्ध करून पुन्हा वापरता येतं. १ एप्रिल २०२४ पासून त्याच्या पुनर्वापराची जबाबदारी तेल बनवणाऱ्या कंपन्यांवर टाकणारे केंद्राचे नियम लागू झाले आहेत. आपल्या तालुक्याच्या गावी ते गोळा कुठे होतं, हे नगरपालिकेला विचारायचा हक्क आपल्याला आहे.

आता भांडणाकडे येते. त्या दुपारी एक अंगणवाडी सेविका हात पुसत म्हणाली, "म्हणजे आता हे बी आमीच करायचं का? सैपाक आमी, पाणी आमी, लेकरं आमी, सर्वे आमी, आता ऑईल बी आमी?" सगळ्या हसल्या, पण ती हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती. स्त्रीमुक्तीच्या नावाखाली बाईच्या डोक्यावर आणखी एक पाटी द्यायची, हे आपण बरेचदा बघितलं आहे. बचत गटात कर्ज तिनं फेडायचं, स्वच्छतेची मोहीम आली की खडू-झाडू तिच्या हातात. उद्या घरातली तिन्ही वाहनं तिच्यापुढे उभी करून "तुला येतंच ना" म्हटलं जाईल, हा धोका खरा आहे.

शिवाय पैशाच्या दृष्टीनं यात फार वाचत नाही. ऑईलची बाटली घ्यावीच लागते. वाचते ती मजुरी, शंभर-दीडशे रुपये. तेवढ्यासाठी गॅरेजवाल्याच्या पोटावर पाय का द्यायचा? आपल्या गावातली गॅरेजं कोण चालवतं ते आपण बघतोच. बहुतेक ती गरीब घरांतली पोरं असतात. शाळा सुटली म्हणून हातात पाना आलेली. काळ्या तेलात त्यांचेही हात दिवसभर बुडलेले असतात. ती आपली शत्रू नाहीत.

माझं उत्तर असं आहे. ऑईल दर वेळी स्वतःच बदलायला पाहिजे असं मुळीच नाही. पुरुष तरी कुठे बदलतात? ते गॅरेजलाच जातात. पण पुरुष गॅरेजला जातो तेव्हा तो विचारतो, वाकून बघतो, "बाटली माझ्यासमोर फोड" म्हणतो. बाई जाते तेव्हा तिला स्टूल दिलं जातं आणि "ताई, दादाला पाठवा, त्यांना समजावून सांगतो" म्हटलं जातं. मी स्वतः हे एकदा नव्हे, अनेकदा ऐकलं आहे. गाडी माझी, पैसे माझे, आणि समजावून सांगायचं ते दादाला! एकदा स्वतःच्या हातानं ऑईल बदललेली बाई स्टुलावर बसत नाही. तिला माहीत असतं की बोल्ट कुठे आहे, वायसर बदललं की नाही, बिलात लिहिलेलं सामान खरंच लागलं की नाही. काम दुसऱ्याकडून करून घ्यायला सुद्धा ते काम यावं लागतं. आपण दाई ठेवतो, वकील करतो, गवंडी लावतो, तिथेही हेच खरं असतं.

आणि त्या सेविकेच्या प्रश्नाचं दुसरं उत्तर त्याच दुपारी दुसऱ्या एकीनं दिलं. ती म्हणाली, "मी ऑईल बदलत बसते तवर चहा कोणी तरी दुसऱ्यानं ठेवायचा. तेवढं ठरवून घ्या." हे मला फार आवडलं. नवं काम शिकायचं तर जुनं काम खाली ठेवायचं. घरातली श्रमविभागणी बदलायची ती दोन्ही बाजूंनी. मुलीच्या हातात पाना द्यायचा आणि त्याच दिवशी मुलाच्या हातात लाटणं द्यायचं. एकच बाजू बदलली तर बाईचा दिवस नुसता लांबतो.

एक मुद्दा उरतो, आणि तो सगळ्यात कठीण आहे. ज्या बाईला रात्री-अपरात्री लेकरांना घेऊन घर सोडावं लागतं, तिच्यासाठी चालू स्थितीतली गाडी म्हणजे काय असतं, हे आपल्या केंद्रांवर काम करणाऱ्यांना सांगायला नको. ऐन वेळी गाडी सुरू होत नाही, किंवा किल्ली सापडत नाही, किंवा "गॅरेजला टाकलीय" असं सांगून आठ-आठ दिवस आणलीच जात नाही. गाडी दुरुस्तीला जाणं हे बाईला घरात ठेवण्याचं एक सोयीचं साधन होऊन बसतं, हे आम्ही बघितलं आहे. लग्नात माहेरानं दिलेली गाडी जावयाच्या नावावर असते, ही आणखी वेगळी गोष्ट. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात स्त्रीधन आणि बाईच्या हक्काची मालमत्ता तिला परत देण्याचा आदेश न्यायदंडाधिकारी देऊ शकतात. त्यात गाडीही आली. पण त्यासाठी आरसी बुक, पावत्या, हप्त्याच्या नोंदी आपल्यापाशी हव्यात. म्हणून गाडीच्या वहीत ऑईलची तारीख लिहिताना मागच्या पानावर या कागदांच्या झेरॉक्स चिकटवून ठेवा, आणि दुसरी किल्ली विश्वासातल्या मैत्रिणीकडे द्या.

काहीजणी म्हणतील, आता विजेवरच्या गाड्या आल्या, त्यांना इंजिन ऑईल नाहीच, मग हे शिकून काय उपयोग? खरंच, १९७२ साली पुण्याच्या फिरोदियांनी लुना आणली तेव्हा पेट्रोलमध्येच ऑईल मिसळून घालत. मग चार-स्ट्रोक गाड्या आल्या आणि ऑईल बदलणं आलं. उद्या तेही जाईल. पण प्रत्येक नव्या यंत्राबरोबर "हे तुला कळणार नाही" हे जुनं वाक्य नव्यानं येतं, तेव्हा एक यंत्र उघडून बघितलेल्या बाईला दुसऱ्याची भीती कमी वाटते. उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला महिला समाख्याच्या कामातून निरक्षर, दलित-आदिवासी बायका हातपंप दुरुस्त करायला शिकल्या. जड अवजारं उचलून त्या गावोगाव गेल्या आणि पुढे त्यांनीच अक्षरं शिकायची मागणी केली. १९८९ च्या आसपास साताऱ्याच्या सुरेखा यादव रेल्वेत सहायक चालक म्हणून आल्या आणि पुढे भारतातल्या पहिल्या महिला रेल्वे चालक म्हणून नावाजल्या गेल्या. एसटीची बस बाईच्या हाती यायला मात्र २०२३ चा जून उजाडावा लागला. अर्चना अत्राम यांनी सासवड-नीरा मार्गावर ती चालवली. एवढी वर्षं लागली ती स्टेअरिंग जड होतं म्हणून नव्हे.

आम्ही मानवतला आता एवढं केलं आहे. गटाच्या पेटीत वर्गणीतून एक पान्यांचा संच, एक नरसाळं, एक घमेलं आणि काळ्या तेलाचा डबा ठेवला आहे. ज्या मैत्रिणीला हवा ती नेते. गावातल्या दहावीच्या मुलींना घेऊन आयटीआयची चौकशी करायला जाणार आहोत. मुलींचे अर्ज शिवणकाम आणि ब्युटी पार्लरच्या पुढे का जात नाहीत, मोटार मेकॅनिकच्या वर्गात मुलगी बसली तर तिच्यासाठी स्वच्छतागृह आहे का, तिला शिकाऊ म्हणून ठेवायला कोण तयार आहे, हे प्रश्न विचारणार आहोत.

तुमच्या गटांनीही हे तीन प्रश्न एकमेकींना विचारून बघावेत : गाडी कुणाच्या नावावर, किल्ली कुठे, ऑईल कधी बदललं? काय उत्तरं आली ते कळवा. कुणी गॅरेजमध्ये काम करणारी मुलगी तुमच्या ओळखीची असेल तर तिलाच लिहायला सांगा. तिचं म्हणणं पुढच्या अंकात छापायला आम्हाला आवडेल. ऑईल बदलताना काही अडलं तर तेही लिहा, मेस्त्रींना विचारून उत्तर देऊ. आणि हो, पुस्तिका पिशवीतून बाहेर काढा. आजच.